काळ्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीत सुटली आणि पुढं पेन हातात आला तो रेशनकार्डावर सही करण्यापुरता. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं, ते मला आजही ठरवता येत नाही. ओळी उजवीकडं वर चढत जातात, त्यालाही इलाज नाही. वाचणाऱ्यानं चुकलेलं मनात नीट करून घ्यावं. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी पेनड्राइव्ह बनवायचे. असं सांगितलं की आमच्याकडच्या बायकांना वाटतं, कंपनीत पॅकिंगला होते. तसं नाही. पिरंगुटच्या चौकात सिमेंटचे पत्रे विकणारं एक दुकान होतं, त्याच्या वरच्या खोलीत नितीनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दोन हजार पाच साली मी तिथं झाडलोट करायला लागले. नितीन माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला मावशी म्हणायचा. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात.

काम काय होतं ते आधी सांगते. कॉम्प्युटर बंद पडला की पुष्कळदा तो मेलेला नसतो, त्याला नुसतं उठता येत नसतं. बटण दाबलं की तो जागा होतो आणि आधी स्वतःच्या पोटात बघतो, कारण उठून काय करायचं ते तिथं लिहिलेलं असतं. ते लिहिलेलं बिघडलं की काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ दाखवून तो थांबतो. मग त्याला सांगावं लागतं, की बाबा, पोटात बघू नको, बाहेर बघ. बाहेर म्हणजे आमचा पेनड्राइव्ह. पूर्वी हे सीडीनं व्हायचं. पण आमच्याकडं फाउंड्र्या पुष्कळ, त्यांची काळी धूळ ऑफिसातल्या मशीनमध्येही बसायची, आणि सीडीचा कप्पा सहा महिन्यांत आंधळा व्हायचा. पेनड्राइव्हला धुळीचं काही नव्हतं. पदराला पुसला की झालं.

त्यात नुसती फाइल टाकून मात्र चालत नाही. तांदळाचं पोतं दारात आणून टाकलं म्हणजे भात होत नाही, आधी चूल मांडावी लागते. पेनड्राइव्हच्या अगदी सुरुवातीला अशी एक चूल मांडून द्यायची, म्हणजे मशीनला तिथून पेट घेता येतो. मशीन चालवणाऱ्या प्रत्येक सिस्टिमची चूल वेगळी. एक्सपीची एक पद्धत, व्हिस्टाची दुसरी, उबुंटूची तिसरी. एकाच्या पद्धतीनं दुसऱ्याचा बनवला तर सगळं भरलेलं दिसतं आणि मशीन ढिम्म हलत नाही. आणि चूल मांडायची तर जागा आधी सारवावी लागते. सारवल्यावर खालची रांगोळी राहत नाही. पेनड्राइव्हवर आधीचं जे काही असेल, ते सगळं जातं.

मी हे शिकले ते हिरव्या पट्टीपासून. नितीन पेनड्राइव्ह लावून द्यायचा आणि मोटारसायकलवरून कंपन्यांच्या कामाला जायचा. मला सांगायचा, मावशी, हिरवी पट्टी टोकापर्यंत भरली की मिस कॉल द्या. मी फडकं हातात धरून पट्टीकडं बघत बसायचे. चुलीवरचं दूध बघावं तसं. मग एकदा त्याला यायला उशीर होणार होता, त्यानं फोनवरच सांगितलं की आता खालचं डावीकडचं बटण दाबा. तिथून पुढं एकेक बटण माझ्याकडं आलं. इंग्रजी अक्षरं मी कीबोर्डवरूनच शिकले, त्यामुळं मला ए नंतर बी येत नाही, ए नंतर एस येतो. सारवायच्या आधी मशीन एक वाक्य विचारायचं. त्याचा अर्थ नितीननं मला पहिल्याच महिन्यात समजावून दिला होता: ह्यातलं सगळं जाईल, पुढं जायचं का? वर्षभर ते वाक्य मला चित्रासारखं ओळखू यायचं. नंतर वाचता यायला लागलं.

पेनड्राइव्ह सगळे सारखेच दिसायचे. नितीन त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवायचा, त्या चार दिवसांत सुटायच्या, आणि इंग्रजी चिठ्ठी मला तेव्हा वाचता येत नव्हती. म्हणून मी शेजारच्या टेलरकडून रंगीत दोरे आणले आणि पेनड्राइव्हच्या भोकातून ओवले. एक्सपीला लाल, व्हिस्टाला पिवळा, उबुंटूला हिरवा. रिकाम्याला दोरा नाही, म्हणजे तो सारवायला मोकळा. आणि गिऱ्हाइकाचं काही आत असेल तर काळा. बाळाच्या कमरेला बांधतो तसा, राखणीचा. फळीला ओळीनं खिळे मारले आणि दोरेवाले सगळे त्यावर टांगले, रिकामे खाली डब्यात. नितीन आधी हसला. मग महिन्याभरानं तोच गिऱ्हाइकाला फोनवर म्हणायला लागला, थांबा, हिरवा घेऊन येतो.

जवळच्याच माले नावाच्या गावाहून एक आबा आले. नातवाच्या हट्टानं त्यांनी लॅपटॉप घेतला होता आणि नातवानं महिन्यात काहीबाही भरून त्याचा कोंडवाडा केला होता. आबांनी तो टॉवेलात गुंडाळून एसटीनं आणला. खिळ्यावरचे दोरे बघितले आणि हळूच मला म्हणाले, "हे गंडं तू बांधतीस व्हय?" मी मान हलवली. "मंग याला बी बांध येक. काळा. लई नजर हाय गावाची." मी लॅपटॉपच्या बिजागरीला काळा दोरा बांधून दिला. तो लॅपटॉप पुन्हा कधी दुकानात आला नाही. नितीननं त्यात व्हायरसचं औषध घातलं होतं, ते आबांना कुणी सांगितलं नाही. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "तुज्या गंड्यानं राखलं बग."

कासार आंबोलीच्या बाजूला शनिवार-रविवारी येणाऱ्यांचे बंगले आहेत. तिथले एक साहेब पाठीवर सफरचंदाचं चित्र असलेलं, वेगळ्याच घराण्याचं मशीन घेऊन आले. नितीननं आमच्या मशीनवर तीनदा पेनड्राइव्ह बनवला, आणि तीनदा त्या मशीननं ओळखच दाखवली नाही. मी फरशी पुसत होते. मला वाटलं, चूल ज्याची त्याच्याच घरात मांडावी. पण बोलायचं धाडस होईना. शेवटी साहेब जिना उतरून गाडीशी गेले, तेव्हा नितीनला म्हटलं. साहेबांच्या मिसेसकडं त्याच घराण्याचं दुसरं मशीन होतं. त्याच्यावर बनवला, आणि चालला. साहेबांनी विचारलं, ह्या बाई काय शिकल्यात? नितीन म्हणाला, आमच्या इंजिनिअर आहेत. मी बादली घेऊन खाली निघून गेले. पण त्या दिवशी घरी जाताना मी दोनदा हसले होते, ते मला आठवतं.

हे सगळं लिहिते आहे ते सुजाताचं सांगायचं पुढं ढकलण्यासाठी. आता सांगते.

सुजाता परभणीकडची. बी.ए. झालेली, पंचविशीची. लग्न होऊन आली आणि कासार आंबोलीला एका शेतकऱ्यानं बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांत राहिली. नवरा हिंजवडीला कंपनीत, रातपाळीला. दिवसभर तो झोपलेला आणि ही जागी, एका खोलीत. भावानं दिलेला जुना लॅपटॉप तिच्याकडं होता. शहरातली एक कंपनी पुस्तकांच्या पानांचे फोटो द्यायची, ते बघून जसंच्या तसं टाइप करायचं. आधी पाच हजार अनामत भरायची. ठरल्या तारखेला सगळी पानं दिली तर मजुरी आणि अनामत परत, नाहीतर दोन्ही गेलं. सुजातानं आईनं दिलेली अंगठी मोडून पाच हजार भरले. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. पहिले पैसे हातात आल्यावर सांगणार होती.

दोन हजार आठच्या नवरात्रात ती दुकानाचा जिना चढून आली. लॅपटॉप उठत नव्हता. अकराशे पानांतली थोडी राहिली होती आणि तारखेला आठ दिवस होते. नितीननं उबुंटूचा हिरवा पेनड्राइव्ह लावला. तो नुसता नवं बसवायला नसतो, आत अडकलेलं काढायलाही चालतो. मशीन पेनड्राइव्हवरून उठलं आणि आतली पानं दिसायला लागली. सुजातानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. एकेक फाइल तिच्याच पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि तासाभरात लॅपटॉपची जुनी डिस्क कायमची बंद पडली. नवी डिस्क शहरातून दसऱ्यानंतर यायची होती. पानं तिच्यावर चढवेपर्यंत पेनड्राइव्ह आमच्याकडं ठेवायचा.

तिचा हात तो सोडत नव्हता. मी दोरा ओवत होते. एरवी गिऱ्हाइकाशी न बोलणारी मी, त्या दिवशी आपण होऊन बोलले.

"ताई, काळा दोरा बांधलाय. ह्याला हितं कुनी हात लावत न्हाई."

ती हसली आणि म्हणाली, "मग राहू द्या, काकू. तुमच्या भरवशावर."

खंडेनवमीला दुकानात पूजा असायची. हत्यारांची पूजा. पेचकस, पकड, सोल्डरची सळई, सगळं पुसून पाटावर मांडायचं. त्या वर्षी माझ्या मनात आलं, आपलं हत्यार तर पेनड्राइव्ह. नितीन कामाला बाहेर गेला होता, त्यानं सांगितलं होतं, मावशी तुम्हीच करा पूजा. मी खिळ्यावरचे सगळे पेनड्राइव्ह काढून तबकात ठेवले. लाल, पिवळे, हिरवे दोरे झेंडूत छान दिसत होते. आणि मधे दोन काळे. काळं पूजेत ठेवत नाहीत. लहानपणापासून तेच शिकलेलं. कुणी बघणार नव्हतं, कुणी मला सांगितलंही नव्हतं. पण माझा हात अडला. मी ते दोन काळे दोरे सोडले, पदराच्या गाठीत बांधले. म्हटलं, पूजा झाली की पुन्हा ओवू.

हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. नारळ फोडत होते तेवढ्यात खालून हाका आल्या. फाउंड्रीतला एक सुपरवायझर धापा टाकत वर आला. बिलाचं मशीन बंद पडलं होतं, माल भरलेला ट्रक गेटात उभा होता आणि दसऱ्याच्या आधी तो निघायला हवा होता. मी नितीनला फोन लावला. लाल पेनड्राइव्ह तबकात होता, पण तो दुकानाचा, आणि फाउंड्रीला एक स्वतःकडं ठेवायला हवा होता. नितीन म्हणाला, मावशी, त्यांना एक वेगळा एक्सपीचा बनवून द्या, मी तिकडंच पोचतो.

मी घाईत, डबा न उघडता, तबकातूनच बिनदोऱ्याचा एक उचलला. पदराला पुसला. त्यावरचं कुंकू माझ्या पदराला लागलं. मशीनला लावला. मशीननं विचारलं, ह्यातलं सगळं जाईल, पुढं जायचं का? तोवर मला ते वाक्य वाचता येत होतं. मी ते पूर्ण वाचलं आणि हो म्हटलं, कारण ते वाक्य मी रोज वाचून रोज हो म्हणत होते.

हिरवी पट्टी भरली. सुपरवायझर पेनड्राइव्ह घेऊन गेला. अर्ध्या तासानं नितीनचा फोन आला, की मशीन उठलं, ट्रक निघाला, मावशी शाबास. मी प्रसाद वाटायला घेतला. मग दोरे ओवायला बसले. पदराची गाठ सोडली. गाठीत दोन काळे दोरे होते आणि तबकात बिनदोऱ्याचा एकच पेनड्राइव्ह उरला होता.

तो घेऊन मी मशीनला लावला. आत कुणाच्या तरी लग्नाचे फोटो होते.

नितीननं दसऱ्याच्या दिवशी दुकान उघडून पुसलेलं परत काढायच्या सगळ्या तऱ्हा करून बघितल्या. फाइलींची नावं निघाली. एकपासून अकराशेच्या अलीकडपर्यंतची. उघडलं की आत चौकोन आणि उलटीसुलटी चिन्हं. नितीन मला रागावला नाही. एवढंच म्हणाला, की एक कॉपी मी माझ्या मशीनवर ठेवायला हवी होती. त्यालाही ते लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुजाता आली तेव्हा मी झाडू घेऊन कोपऱ्यात होते. नितीननं मला वाचवायला सांगितलं, "ताई, पेनड्राइव्ह करप्ट झाला. होतं असं कधीकधी."

ती ओरडली नाही. स्टुलावर बसली. काहीच निघणार नाही का, असं दोनदा विचारलं. पाणी मागितलं, ते तसंच ठेवलं. नितीननं तिच्याकडून कशाचेच पैसे घेतले नाहीत, नव्या डिस्कचेही नाहीत. ती उठली आणि जिन्याजवळ माझ्यापाशी थांबली.

"काकू, तुम्ही तर काळा दोरा बांधला होता ना?"

"व्हय," मी म्हणाले.

पुढचं बोलायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. ती जिना उतरून गेली. लोक म्हणतात मी गरीब स्वभावाची, कुणाला दुखावत नाही. त्या दिवशी मला कळलं की गप्प बसणारं माणूसही खोटं बोलू शकतं.

त्या रविवारी तारीख टळली. तिची अनामत गेली.

गुरुवारी आमच्याकडं वीज नसते, कारखाने आणि दुकानं बंद. त्या गुरुवारी दुपारी मी चालत कासार आंबोलीला गेले. खोल्यांच्या ओळीत एका दारापुढं पुरुषाच्या चपला होत्या. तिनं दार उघडलं, मला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आतमध्ये नवरा झोपला होता. ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि आम्ही पायरीवर बसलो. मी खाली बघून सगळं सांगितलं. पूजेचं, दोऱ्याचं, मशीननं विचारल्याचं. नितीन खोटं बोलला ते माझ्यासाठी, तेही सांगितलं.

तिचा राग मी बघितला, पण तो तिला कुजबुजतच करावा लागला. तसा राग मी पुन्हा कुणाचा बघितला नाही.

"त्या दिवशी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"तुम्हाला लाज वाटली. मी लॅपटॉपखाली टॉवेल घालून टाइप करायचे, काकू. आवाज होऊ नये म्हणून. दोन महिने. एक बटण जोरात दाबलं नाही." तिनं ओढून घेतलेल्या दाराकडं बघितलं. "मी कुणाला सांगूसुद्धा शकत नाही काय गेलं ते. तुम्ही निदान मला तरी सांगितलंत."

मी म्हटलं, अनामतीचे पैसे मी देईन, एकदम जमणार नाही. ती नको म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, द्या. पण इथं येऊन द्या, गुरुवारी, ह्याच वेळेला. ह्यांना कळता कामा नये. तिचा पेनड्राइव्ह मी फाउंड्रीतून परत आणला होता, तो पुढं केला. तिनं घेतला नाही. तो माझ्याकडंच राहिला. त्यात एक्सपी आहे. आजही लावला तर एखादं जुनं मशीन त्याच्यानं उठेल.

माझा पगार तेव्हा दीड हजार. त्यातून महिन्याला दोनशे बाजूला काढायचे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी पायरीवर जाऊन बसायचे. सुरुवातीला ती दार किलकिलं करून नोटा घ्यायची आणि आत जायची. चौथ्या-पाचव्या महिन्यात चहा आणला. मग आम्ही बसायला लागलो. बोलणं सगळं कुजबुजत. तिच्या आईचं, परभणीच्या उन्हाचं, माझ्या घरच्यांच्या कंबरेचं. माझे मालक, म्हणजे नवरा, कंपनीतून कंबर मोडून घरी बसले होते, हे मी तिच्याशिवाय कुणाशी बोलले नव्हते. पुन्हा टायपिंग घे, असं मी एकदा म्हणाले. नितीनकडं कॉलेजची कामं यायची. ती म्हणाली, हात चालत नाहीत. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. बी.ए. झालेल्या मुलीचे हात माझ्यामुळं बंद पडले आणि माझे मात्र रोज चालत होते. विंडोज सेवन आलं, त्याला मी निळा दोरा दिला. तिनं विचारलं की सांगायचे, पण थोडक्यात.

दुकानात मी दोन गोष्टी बदलल्या. काळ्या दोऱ्याला अशी गाठ मारायला लागले की ती कात्रीशिवाय सुटू नये. आणि मशीननं विचारलं की हो म्हणायच्या आधी पेनड्राइव्ह काढायचा, पुन्हा लावायचा, आत उघडून बघायचं. नितीन गिऱ्हाइकांना सांगायचा, वेळ लागेल, आमच्या मावशी दोनदा बघतात. नवमीला मी पेनड्राइव्ह पूजेत ठेवणं बंद केलं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात बातमी आली, की पानं टाइप करून घेणाऱ्या त्या कंपनीनं ऑफिसला कुलूप लावलं. सगळ्यांच्या अनामती बुडाल्या. ज्यांनी तारखेला पुरी पानं दिली, त्यांच्यासुद्धा. मजुरी कुणालाच मिळाली नव्हती. नितीननं मला बसवून सांगितलं, "मावशी, आता थांबवा. पेनड्राइव्ह पुसला नसता तरी तिचे पैसे बुडालेच असते. तुमचा काय संबंध राहिला?"

हिशेबानं त्याचं बरोबर होतं. मी तीन आठवडे त्यावर विचार केला. दोनशे रुपये माझ्या घरात कमी नव्हते, मालकांच्या गोळ्या त्यातच यायच्या. पहिला गुरुवार आला तेव्हा मी पुन्हा पायरीवर होते. तिनं नोटा हातात घेतल्या नाहीत.

"काकू, कंपनीचं तुम्हाला कळलं असेल."

"व्हय."

"मग कशाला आलात?"

"कंपनीनं बुडवायच्या आदी माज्या हातानं गेलंय ते. कंपनीचं पाप कंपनीकडं."

तिनं समोरच्या भाताच्या खाचरांकडं तोंड केलं. मग म्हणाली, की पैसे मिळणार नव्हते हे कळल्यावर मलाही वाटलं आता हलकं वाटेल. नाही वाटलं. पानं राहिली असती तर निदान मी ती केली होती, हे तरी राहिलं असतं. कुणाला दाखवता आलं असतं. एवढं बोलून तिनं नोटा घेतल्या. त्या दिवशी चहा झाला नाही.

दोन हजार दहाची दिवाळी झाली आणि शेवटचा गुरुवार आला. तिनं मागच्याच महिन्यात सांगितलं होतं की ह्यांची बदली झाली, आम्ही नागपूरला जाणार. मी पोचले तेव्हा दारात टेम्पो उभा होता. पलंग, शेगडी, पाण्याचं पिंप चढवलेलं. तिचे मिस्टर जागे होते. दोन वर्षांत मी त्यांना कधी जागं बघितलं नव्हतं, फक्त त्यांच्या चपला ओळखत होते. मी तशीच मागं वळले.

"काकू, थांबा."

मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं.

मी जवळ गेले. काय करावं ते कळेना, म्हणून पदराची गाठ सोडली आणि दोनशे रुपये पुढं केले. मिस्टर सामानाला दोरी आवळत होते, ते थांबले. म्हणाले, "ह्या कोण? आणि पैसे कसले?"

मी खाली बघितलं. भिशीचे म्हणाली असती तरी चाललं असतं, उसने म्हणाली असती तरी चाललं असतं. मी गप्पच राहणार होते, ते मला चांगलं जमतं.

"माझ्या कामाचे," सुजाता म्हणाली.

"कसलं काम?"

"टायपिंग केलं होतं मी. अकराशे पानं. तुम्ही झोपलेले असायचात तेव्हा."

त्यांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मला बोलली नाहीस कधी."

"आता बोलले."

ते पुन्हा गाठ मारायला लागले. सुजातानं दोन्ही नोटा त्यांच्यासमोर उलगडून बघितल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

"पूर्ण झाले, काकू," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले. टेम्पो पौडच्या रस्त्याला लागेपर्यंत उभी राहिले. सवयीनं पदराला गाठ मारायला गेले, आणि मग ती मारली नाही. आता तिच्यात बांधायचं काही राहिलं नव्हतं.